कवटीच्या झेंड्याचा कप्तान

(पडद्यावर: हॅरिच बंदर, सप्टेंबर १९१४)

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॅरिच बंदरात एक पाणबुडी परततेय. नाव ई-९. तिच्यावर एक काळं फडकं फडफडतंय, त्यावर पांढरी कवटी आणि हाडं. चाच्यांचा झेंडा, आणि तो ब्रिटिश नौदलाच्या बोटीवर!

हा झेंडा लावणारा कप्तान तीस वर्षांचा होता. मॅक्स हॉर्टन. १३ सप्टेंबरला त्याने हेलिगोलँड बेटाच्या दक्षिणेला 'हेला' ही जर्मन क्रूझर टॉर्पेडोने बुडवली होती. ब्रिटिश पाणबुडीने बुडवलेली ही पहिली जर्मन युद्धनौका.

मग कवटी कशाला? तर पाणबुडी म्हणजे लपून केलेला वार, तो इंग्रजाला शोभत नाही, पकडलेल्या पाणबुडीवाल्यांना चाचे समजून फाशी द्यावं, असं अ‍ॅडमिरल आर्थर विल्सन म्हणाले होते, ही गोष्ट नौदलात तोंडोतोंडी होती. हॉर्टनने ती उराशी धरली. चाचे म्हणता ना? हा घ्या झेंडा.

त्या काळात पाणबुडीवर जाणं म्हणजे जिवावर उदार होणंच होतं. १९०४ मध्ये ए-१ ही पाणबुडी एका प्रवासी जहाजाखाली सापडली. आतला एकही माणूस वाचला नाही. बोट वर काढली, दुरुस्त केली आणि पुढे तीच हॉर्टनच्या हाती आली. आत पेट्रोलचं इंजिन. बंद लोखंडी नळकांड्यात पेट्रोलचा वास कोंडायचा. हवा विषारी झाली तर आधी कळावं म्हणून पिंजऱ्यात पांढरे उंदीर ठेवत.

मध्ये काही काळ तो मोठ्या युद्धनौकेवर होता. तेव्हाचा एक प्रसंग आपल्याकडच्या प्रेक्षकांसाठी सांगायलाच हवा. डिसेंबर १९११. राजा पंचम जॉर्ज दरबारासाठी दिल्लीत होता. नेमकी तेव्हाच मुंबईकडे निघालेली 'दिल्ली' नावाची आगबोट मोरोक्कोच्या किनाऱ्याला लागून फुटली, आणि तिच्यावर राजाची सख्खी बहीण होती. खवळलेल्या समुद्रातून माणसं वाचवणाऱ्यांत हॉर्टन होता. त्यासाठी त्याला रौप्यपदक मिळालं.

(पडद्यावर: बर्फ धरलेलं रेव्हाल बंदर)

ऑक्टोबर १९१४. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या अरुंद, उथळ खाडीतून, जर्मन गस्तीच्या नाकासमोरून, हॉर्टन ई-९ घेऊन बाल्टिक समुद्रात शिरला. मुक्काम रशियनांकडे, रेव्हालला, म्हणजे आजच्या टॅलिनला. हिवाळ्यात इथे पाणबुडी चालत नाही, असं रशियन म्हणत. हॉर्टन जानेवारीत बर्फफोड्या जहाजामागून बाहेर पडला.

अंगावर येणारा प्रत्येक तुषार गोठत होता. पेरिस्कोप बर्फात, टॉर्पेडोच्या नळ्यांची तोंडं बर्फात. वरचं झाकण लागेना, म्हणून खलाशी हातोड्यांनी त्याच्या कडा ठोकत बसले. झाकण न लावता बुडी मारायची कशी? अखेर ते बसलं, बोट खाली गेली, आणि खालच्या जरा उबदार, खारट पाण्यात बर्फ विरघळून गेलं. पेरिस्कोप मोकळा झाला. हिवाळ्यातही पाणबुडी चालते, हे सिद्ध झालं.

जुलै १९१५ मध्ये त्याने 'प्रिंझ अ‍ॅडलबर्ट' ही मोठी क्रूझर जायबंदी केली. ऑक्टोबरात तो स्वीडनहून जर्मनीला लोहखनिज नेणाऱ्या बोटींच्या मागे लागला. आधी खलाशांना होड्यांत उतरवायचं, मग बोट बुडवायची. जर्मन लोक बाल्टिकला 'हॉर्टनचा समुद्र' म्हणू लागले.

पुढची सव्वीस-सत्तावीस वर्षं बढत्यांची. थेट नोव्हेंबर १९४२ ला येऊ.

(पडद्यावर: लिव्हरपूल, डर्बी हाउस, नौदलाचं नियंत्रण केंद्र)

त्या एका महिन्यात जर्मन यू-बोटींनी, म्हणजे पाणबुड्यांनी, दोस्त राष्ट्रांची सात लाख टनांहून जास्त जहाजं बुडवली. ब्रिटनचं अन्न आणि तेल अटलांटिकवरून यायचं. ते आणणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांच्या रक्षणाची सूत्रं अ‍ॅडमिरल हॉर्टनकडे आली. दुपारी गोल्फ, रात्री पत्ते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास भिंतभर नकाशासमोर. शिड्यांवर चढून मुली जहाजांच्या खुणा सरकवत असत.

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. पाणबुडीचं दुखणं हॉर्टनने स्वतः भोगलेलं होतं. पाण्यावर ती वेगवान. पाण्याखाली तिची सगळी मदार बॅटरीवर, त्यामुळे चाल माणसाच्या पायी चालण्याइतकी. हवाही मोजकीच. तिला वर येऊच दिलं नाही, तर ती संपते. पण रक्षक जहाजांना तिच्या डोक्यावर थांबता येत नसे, ताफा पुढे निघून जायचा. म्हणून हॉर्टनने ताफ्यांची थोडी रक्षक जहाजं काढून वेगळ्या शिकारी तुकड्या केल्या. त्यांना एकच काम: बोट सापडली की ती संपेपर्यंत हलायचं नाही. ताफ्यांचं संरक्षण कमी करून हे करायला छाती लागते. लांब पल्ल्याची विमानं, रडार, फोडलेले सांकेतिक संदेश, सगळ्यांचाच यात वाटा होता. पण त्यांचा नेम कुठे धरायचा, हे पाणबुडीत बसलेल्या माणसाच्या मनातून हॉर्टन पाहू शकत होता.

मे १९४३ मध्ये ४१ यू-बोटी गेल्या. २४ मे रोजी जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून आपल्या बोटी मागे घेतल्या.

(पडद्यावर: लिसाहॅली, उत्तर आयर्लंड, १४ मे १९४५)

आठ यू-बोटी धक्क्याला येतायत. पाण्यावरून, दिवसाउजेडी. त्यांची शरणागती स्वीकारायला धक्क्यावर एकसष्ट वर्षांचा मॅक्स हॉर्टन उभा आहे.