वास गेला, वायू नाही

श्रोतेहो, नमस्कार. गाडीची बॅटरी सीलबंद आहे म्हणजे तिच्यातून काहीच बाहेर पडत नाही, हा समज आधी सोडा. तिला झडप असते. चार्जिंग प्रमाणाबाहेर गेलं की आत वायूचा दाब वाढतो, झडप उघडते आणि हायड्रोजन बाहेर येतो. हवेत तो ४ टक्के झाला, की एक ठिणगी पुरते. फक्त ४ टक्के!

आमच्या शेजारच्या काकांकडे घडलेलं सांगतो. गाडी बरेच दिवस उभी, बॅटरी पार उतरलेली. काकांनी ती घरात आणली, आपोआप बंद न होणारा जुना चार्जर लावला आणि खिडक्या लावून झोपले. पहाटे काकूंना जाग आली ती सडक्या अंड्यांच्या वासाने. त्यांनी फ्रिज धुंडाळला, कचऱ्याचा डबा बाहेर नेला, सिंक घासलं. थोड्या वेळाने काका म्हणाले, "गेला गं वास." तेवढ्यात त्यांची मुलगी रात्रपाळीहून आली आणि दारातच थबकली. "बाबा, वास गेला कुठे? इथे उभं राहवत नाही!"

बॅटरीच्या बाजू फुगल्या होत्या. काका चार्जरचे चिमटे ओढायला निघाले, तर तिने त्यांचा हात धरला. मेन स्विच बाहेर जिन्यात होता. तो तिने बंद केला, दोघांना बाहेर काढलं, दार उघडं ठेवलं. चिमट्यांना हात लागला तो दुपारी, बॅटरी गार झाल्यावर.

सडक्या अंड्यांच्या वासाचा तो वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, जास्त चार्ज होऊन तापलेल्या बॅटरीच्या ॲसिडमधून निघालेला. विषारी, आणि तो नाकच बधिर करतो. म्हणून पुन्हा सांगतो: वास थांबला म्हणजे वायू गेला असं नाही.

  

तर, चार्जिंग मोकळ्या हवेत करा. चार्जर त्याच प्रकारच्या बॅटरीसाठीचा घ्या. जेल बॅटरीला, म्हणजे जिच्यात ॲसिड घट्ट जेलच्या रूपात असतं तिला, व्होल्टेज जरा कमीच लागतं. चिमटे लावताना आणि काढताना चार्जर बंद. आधी बंद, मग चिमटे. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका. ॲसिड डोळ्यात उडालं तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धूत राहा आणि तसेच डॉक्टरांकडे जा.