मीटरला त्र्यंबकेश्वर माहीतच नव्हतं

[दिंडोरीकडची द्राक्षबाग, सकाळची वेळ. एक हात मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकतोय.]

हे काका दुर्बीण लावल्यासारखं करून उजेडाकडे बघतायत ना, ते साखर मोजतायत. मणी पिवळसर झाला, काचेसारखा चमकायला लागला म्हणून गोडी भरली असं नसतं बरं का, रस काढायचा, काचेवर टाकायचा, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, किती आला ते वाचायचं, अठराच्या पुढे गेला की काका खूश आणि खाली असला की व्यापाऱ्याला फोनच लावत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल पासवर्डचा व्हिडिओ लावला होता, ही द्राक्षं कुठून आली. येतोय तिकडेच.

काका आणि आजूबाजूच्या गावांतले शेतकरी मिळून एक गट आहे, त्यांची बेदाणे विकायची वेबसाइट मी बनवली, कॅनडा कॉर्नरच्या एका छोट्या ऑफिसात बसून. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, आपला माल आपणच टाकायचा, रेट पण आपणच. आणि मी हौसेने पासवर्ड मीटर पण लावलं होतं. म्हणजे टाइप करताना खाली एक पट्टी, आधी लाल, मग पिवळी, मग हिरवी. एका रात्रीत दोन कटिंगवर लिहिलेला कोड तो, त्याच्याकडून काय अपेक्षा. आठ अक्षरं झाली, एक मार्क. कॅपिटल आहे, एक मार्क. आकडा आहे, एक. ॲट द रेट किंवा हॅशसारखं चिन्ह, अजून एक. चार मार्क पडले की पट्टी हिरवीगार.

आणि एका सकाळी काकांचा बेदाणा साइटवर चार रुपये किलो!

[मोबाइलचा स्क्रीन. रेटच्या रकान्यात फक्त ४.]

काकांचा फोन आला, पहिलं वाक्य "अरे तुझी साइट प्यायलीय का?" साइट शुद्धीत होती. संध्याकाळपर्यंत कळलं की पुतण्याने गंमत केली होती, तिसऱ्या प्रयत्नात आत शिरला पठ्ठ्या. पासवर्ड होता नाशिक ॲट वन टू थ्री. पहिलं अक्षर कॅपिटल. दहा अक्षरं, आकडे आहेत, चिन्ह आहे, माझ्या मीटरने चारपैकी चार देऊन पाठ थोपटलेली. म्हणजे मी मण्याचा रंग बघत होतो, रस काढलाच नव्हता.

हा कॅपिटल-आकडा-चिन्हाचा नियम आला कुठून, ते पण मजेशीर आहे. २००३ मध्ये अमेरिकेच्या निस्ट नावाच्या सरकारी संस्थेसाठी बिल बर यांनी एक परिशिष्ट लिहिलं आणि जगभरच्या साइट्सनी ते देवाचं वाक्य म्हणून उचललं. २०१७ मध्ये निस्टने स्वतःच सांगितलं की असले नियम लादू नका, आणि बर यांनीही त्याच वर्षी मुलाखतीत कबूल केलं की आपण लिहिलेल्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो. पण तोपर्यंत आपल्याकडे ॲट वन टू थ्री ही राष्ट्रीय सवय झालेली.

तर मी जुनं मीटर काढून टाकलं आणि झेडएक्ससीव्हीबीएन नावाचं तयार मीटर आणलं. नाव उच्चारायच्या भानगडीत पडू नका, कीबोर्डच्या खालच्या ओळीतली पहिली सहा अक्षरं डावीकडून दाबली की जे येतं तेच नाव आहे. फाइली ऑनलाइन ठेवायची सोय देणाऱ्या ड्रॉपबॉक्स कंपनीतल्या डॅन व्हीलरने २०१२ मध्ये हे बाहेर काढलं, फुकट आहे. हे कॅपिटल-आकडे मोजून मार्क देत नाही, चोरासारखा विचार करतं, की हा पासवर्ड ओळखायला किती अंदाज लागतील. हजारच्या आत असतील तर शून्य, दहा लाखांच्या आत एक, असं करत चारपर्यंत. ए च्या जागी ॲट द रेट टाकलं तर फसत नाही. पहिलं अक्षर कॅपिटल केलं तर अंदाज फक्त दुप्पट धरतं, कारण सगळे तिथेच कॅपिटल करतात.

मी खुशीत पंचवटीच्या मित्राला दाखवायला बसलो, आणि त्याने नुसतं त्र्यंबकेश्वर टाइप केलं. इंग्रजीत, तेरा अक्षरं, सगळी लहान.

चारपैकी चार.

[पट्टी शेवटपर्यंत हिरवी. मागे हसण्याचा आवाज.]

कारण सोपं आहे. मीटरच्या पोटातल्या याद्या म्हणजे फुटलेले पासवर्ड, इंग्रजी विकिपीडियातले शब्द, अमेरिकन नावं-आडनावं, अमेरिकन मालिका-सिनेमातले शब्द. यादीत नसलेलं प्रत्येक अक्षर ते ढोबळमानाने दहाच्या पटीत मोजतं, म्हणजे तेरा अक्षरांना एकावर तेरा शून्यं. त्या बिचाऱ्याला वाटलं काहीतरी भयंकर अवघड आहे. नाशिकमध्ये हा शब्द बसच्या पाटीवर लिहिलेला असतो.

उपाय मात्र त्यातच आहे. तपासताना आपली स्वतःची यादी सोबत देता येते आणि यादीतला साठावा शब्द सापडला की त्या शब्दाचे साठच अंदाज धरले जातात. म्हणून गटाच्या बैठकीत मी सगळ्यांना विचारलं, पासवर्ड सांगू नका, फक्त कशाचा बनवलाय ते सांगा. (पासवर्ड मला दिसत नाहीत, हॅश करून, म्हणजे उलटा उलगडता न येणाऱ्या अक्षरांच्या भेंडोळ्यात बदलून ठेवलेत, आणि दिसायलाही नकोत.) गाव, कुलदैवत, पोरीचं नाव, ट्रॅक्टरचा नंबर, पिनकोड. एमएच १५ तर निम्म्या हातांनी वर आलं.

यादी करायला बसलो तेव्हा खरी गंमत कळली, की आपण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो तेव्हा प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. गोदावरीत कोणी व्ही घालतं कोणी डब्ल्यू. पंचवटीत मधला ए कोणी ठेवतं कोणी खातं. त्र्यंबकला टी-आर-वाय आणि टी-आर-आय दोन्ही चालतात, सप्तशृंगीचं तर विचारूच नका. एकेका शब्दाचे चार-पाच अवतार घातले. शिवाय ज्याचं खातं त्याचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर त्याच्यापुरता यादीत.

मग त्र्यंबकेश्वर परत टाकलं. शून्य. मित्राचं तोंड बघण्यासारखं होतं.

बाकीची कामं पटापट सांगतो. या मीटरची फाइल कॉम्प्रेस करूनसुद्धा चारशे केबीच्या आसपास भरते, बागेत रेंज कशी असते माहितीये तुम्हाला, म्हणून पासवर्डच्या रकान्यात बोट ठेवल्यावरच ती लोड होते. नुसता रंग नको, शब्द पण हवेत, कारण लाल-हिरवं सगळ्यांना वेगळं दिसत नाही, म्हणून "हा शब्द अख्ख्या नाशिकला माहीत आहे" असं मराठीत लिहून येतं. पेस्ट बंद केलेलं नाही. आणि हीच तपासणी सर्व्हरवर परत होते, ब्राउझरवरची पट्टी कोणीही गुंडाळून ठेवू शकतं.

फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी पण जुळवून बघतो, ट्रॉय हंटच्या हॅव आय बीन पोन्ड या साइटवरून. पासवर्ड बाहेर जात नाही, त्याच्या हॅशची पहिली पाच अक्षरं जातात, तिकडून त्या पाचने सुरू होणारे सगळे हॅश येतात आणि जुळणी आपल्याकडेच होते. मला ही आयडिया फार आवडते.

मीटर इतकं कडक ठेवू नको, लोक कंटाळतील, असं गटातले काही जण म्हणाले. कंटाळतात, खरंय. पण २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २,९३१ लोकांवर चौदा प्रकारची मीटरं लावून बघितली, तर कडक मीटर असेल तिथे लोकांनी पासवर्ड जास्त लांब केले. मी तीनच्या खाली घेत नाही.

[काकांचं अंगण. खाटेवर मोबाइल.]

काकांनी नवीन पासवर्ड टाकला तेव्हा मला पाठ फिरवायला लावली. चार शब्द आहेत एवढंच सांगितलं, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. पट्टी भरली. मग खिशातून फवारणीची वही काढली आणि शेवटच्या पानावर लिहून ठेवला. मी काही बोललो नाही, परदेशात बसलेल्या चोराला ती वही दिसणार नाहीये.

पुतण्या मात्र तिथेच चहा घेऊन उभा होता.