खारी, जीएसटी आणि दिवाळी अंक

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरी सांभाळून तुम्हाला वाचायला वेळ कसा मिळतो, असं आमच्या ऑफिसात मला कुणी ना कुणी विचारतं. त्यात कौतुक थोडं आणि संशय जास्त असतो: हिच्या टेबलावर काम कमी दिसतंय! मी राहते ठाण्यात, नौपाड्यात, आणि वाशीला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये काम करते. आमचा महिना तिथींवर चालत नाही, तारखांवर चालतो. सातला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, भरायचा; अकराला जीएसटीआर-वन आणि वीसला थ्रीबी, ही जीएसटीची विवरणपत्रं. या तारखा जवळ आल्या की पुस्तक उघडलं तरी डोळे नुसते ओळींवरून फिरतात, डोक्यात कुणाचं तरी न जुळलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, असते. म्हणून विचारणाऱ्याला मी खरं ते सांगते, की मला वेळ मांजर देतं.

आमच्या मांजरीचं नाव खारी. रंग चहाबरोबरच्या खारीसारखा, म्हणून. मांजर कितीही घरातलं झालं तरी जात शिकाऱ्याची. उंदीर-चिचुंद्र्या ज्या वेळेला बाहेर पडतात, त्या पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात त्याला जाग असते. बाकी दिवसाचे बारा ते सोळा तास ते झोपून काढतं. तेव्हा पहाटे पाचला खारी उठते, म्हणजे मीही उठते. ओरडत नाही ती. ओट्यावर चढून स्टीलच्या रिकाम्या डब्याला पंजाने हळूहळू कडेला आणते, आणि थांबते. पुढचा निर्णय तुमचा.

इथे एक गोष्ट नव्याने मांजर पाळणाऱ्यांसाठी. डोळे उघडल्या उघडल्या खायला घालू नका. आज पाचला दिलंत, तर उद्या ते पावणेपाचला उठवेल, कारण उठवलं की मिळतं एवढा हिशेब त्याला चोख कळतो. आधी दोरीला बांधलेला चिंधीचा बोळा थोडा वेळ नाचवा, मग वाटी ठेवा. पाठलाग, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्यांचा ठरलेला क्रम आहे. तो पुरा झाला की मांजर गाढ झोपतं. दोरी मात्र लगेच उचलून ठेवा. दोरा गिळला तर आतडी गोळा होतात आणि मग ऑपरेशनच करावं लागतं.

तर खारी झोपते आणि मी जागी राहते. बिल्डिंगमध्ये अजून पाण्याचा पंप लागलेला नसतो, फोनवर ऑफिसचा ग्रुप मुका असतो. माझी जाडजूड पुस्तकं या तासात वाचून होतात: चरित्रं, इतिहास, दोन खंडांच्या कादंबऱ्या. रात्री मी त्यांच्या वाटेला जात नाही. रात्री वाचलेलं सकाळी आठवत नाही.

शेजारच्या काकूंना खारीची फार काळजी. दिवसभर एकटं जनावर, त्याला दूधपोळी तरी ठेवत जा, म्हणतात. काकूंच्या माहेरी मांजरं दूधपोळीवरच वाढली, हे खरंच. पण ती मांजरं उरलेलं जेवण गोठ्यातल्या उंदरांवर करत होती. बंद फ्लॅटमध्ये उंदीर कुठून आणणार? टॉरिन नावाचा एक घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसामासळीतूनच यावा लागतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय, दोन्ही बिघडतात. दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतच नाही. आणि कांदा-लसूण घातलेला रस्सा प्रेमाने सुद्धा नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सगळ्यांत वाईट म्हणजे आपल्या घराघरांतली पॅरासिटामॉलची गोळी. ताप आलाय म्हणून तिचा तुकडासुद्धा मांजराला देऊ नका, जीव जातो.

एकटेपणाचं म्हणाल तर ती दिवसा झोपते, मला त्याचं काही वाटत नाही. काळजी वाटते ती खिडकीची. आमच्याकडे एसीच्या बाहेरच्या डब्यावर कबुतरं बसतात आणि मांजर कबुतर पाहिल्यावर मजले मोजत नाही. मांजर पायांवरच पडतं म्हणतात. पडतं बऱ्याचदा, पण वरच्या मजल्यावरून पडलं तर जबडा फुटतो, छातीला मार लागतो. डासांची नायलॉनची जाळी नखांपुढे टिकत नाही. कबुतरांसाठी बसवतात ती जाड जाळी घ्या, कबुतरंही लांब राहतात.

मग गाडी. ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल, ठाण्याहूनच सुटते, तेव्हा बसायला मिळण्याची निदान आशा असते. ठाणे ते वाशी हा प्रवास एका बेताच्या कथेएवढा आहे. खाडी ओलांडेपर्यंत पात्रांची ओळख होते, घणसोलीला भांडण लागतं. कोपरखैरणेला गर्दी अंगावर आली की पुस्तक छातीशी धरून शेवट लांबणीवर टाकायचा. येताना मी वाचत नाही, झोपते.

पुस्तकं मी बहुतेक वाचनालयातूनच आणते. ठाणेकरांना हे सांगायला नको. आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. पण वाचनालयाच्या पुस्तकाला मांजराच्या घरात वेगळा धोका असतो. पुन्हा बांधणी केलेल्या पुस्तकाचा कणा कापडी असतो, आणि नखं घासायला मांजराला असलं कापड फार पसंत. आमच्याकडे ती पुस्तकं काचेच्या कपाटात कुलपात असतात. पाहुण्यांना वाटतं काही दुर्मिळ ग्रंथ आहेत. मांडीवर मांजर, हातात पुस्तक, शेजारी वाफाळता कप असली चित्रं ज्यांनी काढली, त्यांनी मांजर पाळलेलं नसावं. तुमची नजर जिथे, तिथेच मांजराची बैठक. म्हणजे पानावर.

याला अपवाद दिवाळी अंक. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही आपली चैन चालू आहे. वर्गणी भरली की वाचनालयातून एकामागून एक अंक घरी येतात. त्यांचा आकार मोठा. एका पानावर खारी बसली तरी समोरचं पान मोकळं राहतं, आणि ती उठेपर्यंत मी तेवढंच वाचते. त्यामुळे मी जाहिरातीसुद्धा मन लावून वाचते, आणि एरवी ओलांडून गेले असते अशा कविताही. वार्षिक राशिभविष्य मात्र तिने आजवर एकदाही पूर्ण होऊ दिलेलं नाही.

असे ते अंक मला होळीपर्यंत पुरतात. त्यानंतर येतो मार्चएंड. तेव्हा खारी पहाटे पाचला डबा कडेला आणते आणि मी लॅपटॉप उघडते. झोपायला ती त्याच्यावरच येते, गरम असतो ना. ताळेबंदाची तिला कदर नाही.