शॅमरॉक झोपतं तेव्हा

[दृश्य: खिडकीपाशी जांभळ्या पानांची कुंडी]

तीन त्रिकोणी पर्णिकांचं एक पान. घरात शॅमरॉक म्हणून वाढवली जाणारी ही ऑक्सॅलिस ट्रँग्युलॅरिस, मूळची ब्राझील आणि शेजारच्या दक्षिण अमेरिकी देशांतली. अंधार पडला की पर्णिका मिटतात, उजाडलं की उघडतात. पर्णिकांच्या बुडाशी असलेल्या सांध्यातल्या पेशींत पाणी भरतं आणि ओसरतं, त्यातून ही हालचाल होते. म्हणून रात्री मिटलेली पानं पाहून पाणी घालू नका. भर दिवसाही ती मिटलेलीच राहिली, तर बहुधा ऊन जास्त होतंय किंवा पाण्याचं गणित चुकलंय.

[दृश्य: मातीतून काढलेले कंद]

मातीखाली हे खवलेदार, बोटभरही नसलेले कंद असतात. अन्नाचा साठा इथेच. सतत ओल्या मातीत ते कुजतात, आणि हे झाड जातं ते बहुतेकदा असंच. बोट खुपसून पाहा. वरची दोन-अडीच सेंटिमीटर माती कोरडी लागली, की तळातून निथळेपर्यंत पाणी द्या आणि बशीत साचलेलं ओतून टाका. दोन भाग कोकोपीट-मातीत एक भाग परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) मिसळलं की निचरा चांगला होतो.

उजेड भरपूर हवा, दुपारचं थेट ऊन नको. उजेड कमी पडला की देठ लांबून लोळतात. वाढ चालू असताना महिन्यातून एकदा, निम्म्या मात्रेचं द्रवखत पुरे.

[दृश्य: पिवळी पडलेली, लोळलेली पानं]

इथे अनेक जण कुंडी रिकामी करतात, आणि चांगलं जिवंत झाड कचऱ्यात जातं. तापमान बराच काळ 27 अंशांच्या वर राहिलं, किंवा वाढीचा हंगाम संपला, की ऑक्सॅलिस पानं टाकून विश्रांती घेते. कंद चाचपून पाहा. टणक असतील तर झाड जिवंत आहे. मऊ, काळपट असतील तर कुजलंय. टणक कंदांची कुंडी थंड, सावलीच्या जागी ठेवा, पाणी जवळजवळ थांबवा. चार ते बारा आठवड्यांत कोंब दिसले की उजेडात आणून पाणी हळूहळू वाढवा. कंद वेगळे करून दोन-तीन सेंटिमीटर खोल लावायलाही हाच काळ योग्य.

पानाखाली नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. अशी पानं लगेच काढा, पाणी पानांवर न पडता मातीत द्या. बारीक जाळी दिसली तर लाल कोळी ही कीड. पानं दोन्ही बाजूंनी धुवा.

पानांत विद्राव्य ऑक्सॅलेट असतात, म्हणजे पोटात गेल्यास प्राण्यांना अपाय करणारे क्षार. मांजर किंवा कुत्रा असेल, तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी टांगा.