खोक्यावरचे गिगाहर्ट्झ

[दृश्य : जुन्या पीसीचं झाकण निघतं, कॅमेरा मदरबोर्डवर]

हा 1981 सालचा आयबीएम पीसी. ती लांबट काळी चिप म्हणजे प्रोसेसर, इंटेलचा 8088. पण तिच्यावर थांबू नका, शेजारी बघा. हे चंदेरी डबडं. याच्या आत क्वार्ट्झची पातळ चकती असते. वीज मिळाली की ती थरथरते, आणि तिची लय सहसा ढळत नाही : सेकंदाला सुमारे 1 कोटी 43 लाख कंपनं. दुसरी एक छोटी चिप त्यांना 3 ने भागते. प्रोसेसरपर्यंत पोचतात साधारण 47 लाख 70 हजार ठोके. म्हणजेच 4.77 मेगाहर्ट्झ.

8088 ला 5 मेगाहर्ट्झ सहज झेपत होते. मग हा अडनिडा आकडा कशाला? याच कंपनांना 4 ने भागलं की अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या सिग्नलला लागणारी वारंवारता मिळते. एका क्रिस्टलमध्ये दोन्ही कामं भागली.

[दृश्य : ऑसिलोस्कोपचा पडदा]

हे ठोके असे दिसतात. प्रत्येक ठोक्याला प्रोसेसर एक पाऊल पुढे टाकतो. आज मोजणी गिगाहर्ट्झमध्ये चालते, सेकंदाला 100 कोटी ठोक्यांची. 3 गिगाहर्ट्झला एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत प्रकाशसुद्धा जेमतेम 10 सेंटिमीटर जातो!

पण एका पावलात काम किती उरकलं, हे हर्ट्झ सांगत नाही. जाहिरातींनी ते विचारूही दिलं नाही.

[दृश्य : पेंटियम 4, त्यावरचा भलामोठा हीटसिंक]

मार्च 2000 मध्ये इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीने 1 गिगाहर्ट्झ गाठला, दोनच दिवसांनी इंटेलने. मग आकडा फुगवायची चढाओढ लागली. इंटेलचा प्रोसेसर पेंटियम 4, त्याच्या 2004 च्या आवृत्तीत एका सूचनेचं काम 31 टप्प्यांत चिरलं होतं. टप्पा छोटा, म्हणून ठोके भरभर. पुढची सूचना कुठली, याचा अंदाज चुकला की मात्र अर्धवट झालेलं सगळं टाकून द्यायचं. वर ही उष्णता. त्याच वर्षी इंटेलने 4 गिगाहर्ट्झचा बेत सोडला. तोवर लोकांनी आकडा बघून पैसे मोजलेच होते.

[दृश्य : दोन पडदे शेजारी शेजारी]

डावीकडे तोच पेंटियम 4, 3.6 गिगाहर्ट्झवर. उजवीकडे अलीकडचा प्रोसेसर. त्याचा एकच कोर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा एकच भाग, चालू ठेवलाय, तोही 2 गिगाहर्ट्झवर बांधून. दोघांना एकच व्हिडिओ रूपांतरासाठी दिलाय.

[निवेदन थांबतं. उजवीकडची पट्टी भरते.]

1988 मध्ये सुरू झालेली ‘स्पेक’ ही संस्था असंच मोजते : खऱ्या वापरातल्या प्रोग्रॅमना लागलेला वेळ, एका ठरावीक यंत्राच्या तुलनेत.

[दृश्य : लॅपटॉप, कोपऱ्यात चालू वारंवारता]

आणि खोक्यावर ठळक छापलेला ‘टर्बो’ आकडा? तो थोड्या वेळापुरता असतो. काम सुरू करून काही मिनिटं झालीत, चिप तापलीये. कोपऱ्यात बघा, गिगाहर्ट्झ उतरायला लागलेत.