चार खंडांचे पक्षी, एकच कुंपण

कोंबड्या, बदके, गूस, टर्की आणि गिनी फाउल एकाच आवारात हिंडताना दिसले की पाहुणे म्हणतात, किती नैसर्गिक दृश्य आहे! मंडळी, त्यात नैसर्गिक काहीही नाही. कोंबडीचे पूर्वज दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या जंगलातले लाल रानकोंबडे. टर्की उत्तर अमेरिकेतली, गिनी फाउल आफ्रिकेतले. पांढरे युरोपीय गूस ज्या करड्या रानहंसापासून आले, तो युरोपातला. या सगळ्यांची गाठ पडली ती माणसामुळे. एकत्र राहायची हौस आपली आहे, त्यांची नव्हे. तेव्हा या हौसेची किंमत कुणी मोजायची, पक्ष्यांनी की पाळणाऱ्याने, एवढाच प्रश्न घेऊन मी आज बोलणार आहे.

आधी हौसेबद्दल बोलू, कारण ती खोटी नाही. एक कोंबडा तासभर पाहत बसा. खायला काही सापडले की तो लगेच गिळत नाही. चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि हलक्या आवाजात कोंबड्यांना बोलावत राहतो. कधी कधी लबाड काही नसतानाही बोलावतो. वरून शिकारी पक्षी आला तर त्याचा इशारा वेगळा आणि जमिनीवरून जनावर आले तर वेगळा. संशोधकांनी डोक्यावरच्या पडद्यावर ससाण्यासारखी आकृती फिरवून हे तपासले आहे. शिवाय जवळ कोंबडी असेल तर कोंबडा धोक्याची हाक जास्त देतो, एकटा असेल तर बहुधा गप्पच राहतो.

गिनी फाउलना असला हिशेब ठाऊक नाही. नवी बादली ठेवली तरी ते ओरडतात. शेजाऱ्यांशी संबंध चांगले असतील तरच ते पाळावेत, असे मी गंमतीने सांगते, पण पुरती गंमत नाही ती. त्यांचे नर-मादी दिसायला जवळजवळ सारखेच. दोन तुकड्यांची हाक फक्त मादी देते, त्यावरून ओळखायचे. त्यांनी कल्लोळ केला की कोंबड्यांच्याही माना वर होतात. परकी भाषा एवढीच त्यांना कळते.

आणि खुडूक कोंबडी! तिच्याखाली काय ठेवले आहे याची तिला फिकीर नसते. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवसांत, मस्कोव्ही बदकाची ३५. ती बसून राहते. मात्र वजन घटते, तुरा फिका पडतो. म्हणून तिला रोज उठवून दाणापाणी देणे, अंगावर उवा-पिसवा नाहीत ना हे पाहणे आपले काम. बदकाची पिल्ले निघतात, ती आपलीच मानून त्यांना चरायला शिकवते आणि एके दिवशी ती पाण्यात उतरतात. कोंबडी काठावर येरझारा घालत ओरडत राहते. सिसेरो या रोमन वक्त्याने दोन हजार वर्षांपूर्वी या प्रसंगाची नोंद केली आहे, यावरून हा घोटाळा किती जुना आहे ते कळते. बघणाऱ्याला हसू येते. कोंबडीसाठी मात्र तो घोरच असतो. बदकीच्या पंखाखाली न वाढलेली पिल्ले सुरुवातीला भिजून गारठतातही, म्हणून पहिले काही आठवडे उथळ भांडेच बरे.

आता पाण्यावरूनच पुढे जाऊ, कारण मिश्र कळपातली निम्मी भांडणे पाण्यापासून सुरू होतात. बदकाला नाकपुड्या आणि डोळे धुता येतील इतके खोल पाणी लागते. मिळाले की अर्ध्या तासात त्याचा चिखल. कोंबडीला याच्या नेमके उलटे हवे असते: कोरडी गादी आणि धूळ अंगावर घ्यायला कोरडी माती. ओल्या, उबदार भुशात रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडी एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात आणि कोंबडीची पिल्ले पटापट आजारी पडतात. बदकांचा यात काही दोष नाही. पाणी खुराड्याबाहेर, खडी भरलेल्या खड्ड्यावर ठेवावे आणि रात्री बदकांना वेगळे कोंडावे, की बराचसा तंटा मिटतो. पण हे दोन खोल्यांचे काम आहे, आणि बहुतेकांनी एकच बांधलेली असते.

खाद्याचेही तसेच. टर्कीच्या पिल्लांना सुरुवातीला सुमारे २८ टक्के प्रथिने लागतात, कोंबडीच्या पिल्लांना २० च्या आसपास पुरतात. बदकाच्या पिल्लांना नायासिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बरेच जास्त लागते, नाही मिळाले तर पाय वाकतात. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. तेच वाढत्या पिल्लांनी खाल्ले तर मूत्रपिंडे बिघडतात. मोठे-लहान एकत्र असतील तर सगळ्यांना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरची कोंबडी आपल्याला लागेल तेवढा बरोबर खाते. एक गोष्ट मात्र आवर्जून बघा: कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवर खाद्यात मिसळलेली काही औषधे टर्कीला विषासारखी असतात. पिशवीवरचा बारीक मजकूर वाचायचा कंटाळा करू नये.

टर्कीबद्दल माझे मत अनेकांना आवडत नाही. कोंबड्यांसोबत टर्की ठेवूच नये. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो, त्याच्या अंड्यातून हिस्टोमोनास नावाचा परजीवी पसरतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही. टर्कीचे मात्र यकृत सडते, विष्ठा गंधकासारखी पिवळी होते आणि पक्षी मरतो. जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात, गांडुळांच्या पोटातही राहतात. लस नाही, बऱ्याच देशांत मान्यता असलेले औषधही उरलेले नाही. ‘आमच्याकडे अजून काही झाले नाही’ असे सांगणारे भेटतात. त्यांचे बोलणे खरेच असते. पण किंमत कोण मोजणार हा माझा प्रश्न इथे सगळ्यात कठोर होतो: हौस माणसाची, जंत कोंबडीचा, मरण टर्कीचे.

नर बदकाचा त्रास असाच, फक्त तो उघड बोलला जात नाही. कोंबड्याला बाह्य जननेंद्रिय नसते, बदकाला असते. बदक्या कमी पडल्या की तो कोंबडीच्या मागे लागतो आणि तिला आतून जखमा होतात. एका नरामागे चार-पाच बदक्या हव्यात, तेवढ्या नसतील तर नराला वेगळे काढावे.

मारामाऱ्यांबद्दल लोक खूप घाबरतात, तेवढे घाबरू नये. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ शेल्डेरूप-एब्ब यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कोंबड्यांमधली टोचाटोचीची उतरंड मांडली. कोण कुणाला टोचणार हे एकदा ठरले की शांतता होते. नवा पक्षी एकटा कधी सोडू नये, काही दिवस जाळीपलीकडून दिसू द्यावा. अवघड जाते ते वेगळ्या जातींमध्ये, कारण त्यांचे भांडणाचे नियमच वेगळे. कोंबडा समोरासमोर उभा राहून मान फुलवतो. गिनी फाउल मागून धावत येतो आणि धावतच राहतो. कोंबड्याने हार मानली तरी ते त्याला कळत नाही.

शिकारी जनावरांवर मी फार बोलत नाही. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. बारीक चौकोनी भोकांची जाड जाळी लावा, तळाशीही लावा. कोंबड्या सांजेला आपणहून दांडीवर चढतात, बदके जमिनीवरच लवंडतात आणि गिनी फाउल झाडावर जाऊन बसतात. म्हणून घुबडाचे पहिले भक्ष्य बहुधा तेच.

आजारपण मात्र मनाला लागते. भक्ष्य होणारा पक्षी आपले दुखणे लपवतो. पिसे फुलवून कोपऱ्यात उभा दिसला, म्हणजे दुखणे बरेच पुढे गेलेले असते. मॅरेक रोगात तरणी तलंग एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडते, डोळे टवटवीत, भूकही असते. लस अंड्यातून निघाल्याच्या पहिल्या दिवशी द्यावी लागते, आणि ती गाठी रोखते, विषाणूचा फैलाव नाही. मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगात, कळपच्या कळप जातो. बर्ड फ्लूमध्ये बदके कधी कधी धडधाकट दिसतात आणि शेजारची कोंबडी मरते. अनेक पक्षी एकाएकी मेले तर हातात घेऊन कुरवाळत बसू नये, पशुवैद्यकीय खात्याला आधी कळवावे. पुढे काय होईल हे ठाऊक असतानाही कळवावे.

एक दुःख तर आपणच निवडीतून तयार केले आहे. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी देते. आजची अंड्यांची जात तीनशेच्या घरात देते. दोन-तीन वर्षांत अंडनलिका थकते, बलक पोटात सुटतो, पोट पाण्याने भरते. तेव्हा पशुवैद्याच्या हातून मरण द्यायचे की घरी शेवट येऊ द्यायचा, हे ठरवावे लागते. मी लवकर ठरवते. श्वास घेताना शेपूट वरखाली होऊ लागली की थांबत नाही.

आणखी एक विचार अंडी रवणाला ठेवण्याआधी व्हायला हवा. निघणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. उरलेल्यांचे काय, याचे उत्तर तयार नसेल तर अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नयेत.

शेवटी मिश्र कळपाचीच खास अडचण. फक्त कोंबड्या पाळणाऱ्याकडे एक मेली तर बाकीच्या तिच्याच जातीच्या असतात. आपल्याकडे कधी तरी चारांतले एकच बदक उरते. ते कोंबड्यांच्या मागे फिरते, त्या दांडीवर चढल्या की खाली एकटे बसते. सोबतीला दोन नवी आणली तर दहा वर्षांनी पुन्हा एक उरतेच, बदके तेवढी जगतात. मी आता नवी आणत नाही. उरलेले बदक ज्यांच्याकडे बदकांचा कळप आहे अशांकडे पोचवते. त्याला तिथे आधी जाळीआड ठेवावे लागते. माझ्याकडची पाण्याची टाकी त्या दिवसापासून कोरडी असते आणि कोंबड्या तिच्या कडेला धूळ अंगावर घेतात.