माळावरची वाट: तीन काठ्या आणि एक दगड

हे जे दिसतंय ना, ही घळ नाही, ही वाट होती. बालाघाटाच्या माथ्यावर देवाला जायची वाट, चढाला नाकासमोर सरळ नेलेली, वर वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण, त्यामुळं मिरगाचा पाऊस आला की पाणीपण त्याच वाटेनं खाली पळायचं आणि जाताना मुरूम घेऊन जायचं. आता आत माणूस उभा केलाय बघा. गुडघ्यापर्यंत गेला. म्हणून आम्ही नवी वाट आखतोय.

माळ बीड जिल्ह्यातला. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, सांगितलं की येत्या रविवारी गाड्या येतील आणि आमची पार्किंगची जागासुद्धा अजून फायनल नाही. गावकऱ्यांनी स्वतःहून आपली जमीन राखायला द्यायची, याची सोय वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं आली, समुदाय राखीव क्षेत्र म्हणतात त्याला. आमच्या माळासाठी तो कागद चालू आहे. ग्रामसभेचं शूट नाही आमच्याकडं.

मराठवाड्यात कसलं आलंय जंगल, असं लोक बोलतात. गौताळा १९८६ पासून अभयारण्य आहे, नायगावचं मोरांचं १९९४ पासून, आणि येडशीला २०२४ च्या डिसेंबरात वाघ कॅमेऱ्यात आला, टिपेश्वरचा, पार यवतमाळकडून चालत आलेला! आमच्याकडं वाघ नाही. खोकड आहे, मोर आहेत, आणि कुसळी गवत आहे, ते आमच्या पोरांच्या सॉक्समध्ये तुम्हाला दिसलंच असंल.

आता मेन काम. या तीन काठ्या. पाणलोटाच्या कामावर गेलेल्या कुणालाही विचारा, ए-फ्रेम. समतल चर, म्हणजे उतारावर पाणी अडवायला एका लेव्हलला खणलेले चर, याच्यावरच आखले लोकांनी. दोन काठ्यांचे पाय दोन मीटरवर, मधे आडवी काठी, वरून सुतळीला बांधलेला दगड. दगड मधल्या खुणेवर थांबला की दोन्ही पाय एका लेव्हलला. आम्ही फक्त एका पायाखाली २० सेंटिमीटरचा ठोकळा बांधला, आता दगड मधोमध थांबला म्हणजे चढ बरोबर दहा टक्के, शंभर फूट चाललं की दहा फूट वर. दहाच का, तर आमचा डोंगर शंभराला वीस चढतो आणि वाटेचा चढ डोंगराच्या निम्म्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, गेला की पाणी आडवं उतरून जायचं सोडून वाटच धरतं. शिवाय वाट दरीच्या अंगाला किंचित कलती ठेवायची, दिसणार नाही इतकी.

हे आबा. त्यांनी ए-फ्रेमकडं एकदा बघितलं आणि म्हणले, "ढोरं कुठून जायलेत ते बघा की आधी." आम्ही बघितलं. खालच्या अर्ध्या चढावर आमची चुन्याची खूण आणि ढोराची वाट जवळजवळ एकच निघाली, तिथं आम्ही निम्मा दिवस उगाच उन्हात घालवला होता.

(इथं फक्त वारा. दहा सेकंद.)

हा सपाट भाग बघा, रिकामा वाटतो. इथं झाडं लावा, सेल्फी पॉइंट करा, पेव्हर ब्लॉक टाका, सगळं सुचवून झालंय लोकांचं. आता कॅमेरा खाली घेतो. चार खडे दिसतात ना? खडे नाहीत ते, टिटवीची अंडी आहेत. टिटवी उघड्यावरच घालते, सावली करून दिली तर ती जाईल आणि तिच्याबरोबर हा माळपण जाईल. म्हणून वाट इथून काढलीच नाही, कडेच्या जाळरेषेवरून फिरवली. ती पट्टी वणव्यासाठी दरवर्षी साफ करावीच लागते, तर माणसंपण तिथूनच चालू द्या. पाणवठ्याजवळ वाट जात नाही, लांब एक दगडी आडोसा करायचा, तिथं बसून बघायचं. गप बसून.

बाकी सोयी सगळ्या खाली, डांबरी रोडला लागून, जिथं जमीन आधीच तुडवलेली आहे. गाड्या तिथं, रांजण तिथं, दोन शोषखड्ड्यांचा संडास तिथं, कारण उन्हाळ्यात गावालाच टँकर येतो, वर पाणी कोण चढवणार? माथ्यावर काहीच बांधायचं नाही. गेट कसलं पायजे याच्यावर मात्र अजून वाद चालूय, काही लोकांना कमान पाहिजे, आत काय आहे त्यापेक्षा मोठी.

चराई माथ्यावर बंद झालीय, शेळ्यावाल्या चार घरांना कापून न्यायला गवत द्यायचं ठरलंय.

हे परवाचं शूट आहे, संध्याकाळचं. देवाच्या खालचं शेवटचं वळण राहिलं होतं. आबांनी एक पाय धरलाय, पोरगी दुसरा धरून आहे, दगड हलतोय अजून, हलतोय, थांबला. चुन्याची चिमूट टाकली. पुढचा पाय.